हाफ इंजिन न उघडता : १९८६च्या बुलेटचं एक प्रकरण

गाडी १९८६ची बुलेट ३५० स्टँडर्ड. ३४६ सीसी, बिडाचा सिलिंडर, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (कॉइलचा प्रवाह तोडून प्लगला ठिणगी देणारे दोन संपर्क म्हणजे पॉइंट, त्यांच्यातला चाप आवरणारा तो कंडेन्सर), चार गिअरचा अल्बियन गिअरबॉक्स. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्याखाली सहा वर्षं ताडपत्रीत उभी होती, तिथून ती परळच्या एका तरुणाने घेतली. दाखवताना गाडी दुसऱ्या किकला उठली आणि सौदा तिथेच झाला. जुनी बुलेट बघायला गेल्यावर पहिल्यांदा सिलिंडरच्या पाकळ्यांना हात लावावा. गरम लागल्या तर गाडी आधीच चालवून ठेवलेली आहे, आणि थंड गाडी कशी उठते हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

घरी आल्यावर तक्रारींची यादी झाली. थंड गाडी आठ-दहा किक घेते आणि मधूनच किक उलटी मारते, पोटरी सुजेल इतकी. उठली की निळा धूर. वीसेक मिनिटं चालली की मिसिंग सुरू होतं, मग बंद पडते आणि अर्धा तास थांबल्याशिवाय उठत नाही. हेडलाइट लावला की अँपिअर मीटरचा काटा उण्याकडे, म्हणजे बॅटरी रिकामी होतेय. पन्नासच्या पुढे हँडल थरथरतं. पुढचा ब्रेक नावापुरता. खाली रोज तेलाचं थारोळं.

दोन गॅरेजांचं मत घेतलं गेलं. एकाने धूर बघून ‘हाफ इंजिन’ सांगितलं, म्हणजे हेड उतरवून वॉलचं (व्हॉल्व्हचं) काम आणि सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन-रिंग. दुसरा म्हणाला, “साहेब, एवढं उघडणारच आहात तर फुलच करून घ्या,” म्हणजे क्रँक केस फोडून बिग एंडसकट (पिस्टनच्या रॉडचं क्रँककडचं टोक) सगळं. दोघांनीही एकही माप घेतलं नव्हतं. पुढे जे झालं त्यात हेडचा एक नटसुद्धा ढिला करावा लागला नाही.

आधी इंजिनाची नाडी

इंजिन उघडायचं की नाही हे ठरवायला पैसे लागत नाहीत. प्लग घट्ट, चावी बंद, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोकळा करणारा, लिव्हर सोडलेला. किक हळू दाबत कॉम्प्रेशनवर आणायची आणि तिच्यावर सगळं वजन टाकून उभं राहायचं. रिंगा किंवा वॉल गेले असतील तर किक लगेच खाली जाते. इथे ती पाच सेकंद जागच्या जागी राहिली, मग सावकाश उतरली. थ्रॉटल पूर्ण उघडून गेज लावलं तर १०५ पीएसआय. या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच साडेसहास एक, त्या मानाने हा आकडा चांगला आहे. आजच्या गाड्यांचे आकडे डोक्यात ठेवून बघणारा इथे घाबरतो.

मग धूर कशाचा? इंजिनाच्या पोटाखाली तेल सोडायचे दोन मोठे बोल्ट असतात. एक तेलाच्या टाकीचा, दुसरा क्रँक केसचा. या इंजिनात तेलाची टाकी क्रँक केसच्याच ओतकामात असते आणि दोन पंप काम करतात, एक तेल पुढे ढकलणारा आणि दुसरा खाली साचलेलं परत टाकीत नेणारा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपाच्या फटीतून झिरपत क्रँक केसमध्ये उतरतं. इथे क्रँक केसचा बोल्ट काढल्यावर जवळजवळ ७०० मिली निघालं. काडीवर तेल दिसत नाही म्हणून कुणीतरी वरून आणखी लिटरभर ओतलं होतं. एवढं तेल फ्लायव्हीलने उडवलं तर थोडं पिस्टनच्या वर जाणारच, आणि जास्तीचं ब्रीदरमधून बाहेर पडणार. धूर आणि थारोळं, दोन्हींचा बराचसा हिशेब इथेच लागला.

निघालेलं तेल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात बघितलं. चकाकणारे धातूचे कण असते तर बिग एंडच्या बुशबद्दल शंका घ्यावी लागली असती, कारण या इंजिनात बिग एंडला बेअरिंग नसून तरंगता बुश आहे आणि तेल तुटलं की तो आधी जातो. फक्त काळी काजळी मिळाली. पिस्टन वर आणून फ्लायव्हील मागेपुढे हलवून पाहिलं, रॉडचा खटका नाही. क्रँक केस फोडायचा विषय तिथेच मिटला.

तेल भरताना घाई नडते. २०डब्ल्यू-५० मिनरल, सव्वादोन लिटर. टायमिंग कव्हरमधला नमद्याचा फिल्टर बदलला. तो बसवताना स्प्रिंग आणि टोपी उलटसुलट झाली तर तेल फिल्टरला वळसा घालून जातं, म्हणून काढतानाच मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. टोपी लावण्याआधी फिल्टरच्या खोलीत तेल भरून घ्यायचं. टायमिंग कव्हर उतरवलंच असेल तर आतला कॉर्कचा वॉशर नवाच टाकायचा. बिग एंडला जाणारं तेल त्याच्यातून जातं आणि तो आक्रसला की वाटेतच गळतं. मग प्लग काढून, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून, रॉकरला जाणाऱ्या नळीचा वरचा बँजो बोल्ट दोन फेरे ढिला करून नुसत्या किका मारायच्या. इथे साठाव्या किकच्या आसपास बँजोखालून तेल पाझरलं. ते दिसेपर्यंत गाडी चालू करायची नाही, मग शेजारी कितीही जमले तरी.

थांबणं आणि वळणं

इंजिन बरं आहे कळल्यावर गाडी उठवायचा मोह होतो. इथे मात्र पुढचे चार दिवस ती स्टँडवरच राहिली.

टायरची नक्षी नव्यासारखी होती. बाजूला लंबगोलात चार आकडे होते : ३४०९. म्हणजे २००९चा चौतिसावा आठवडा. अंगठ्याने वाकवल्यावर कडांना बारीक भेगा उघडल्या, शिवाय सहा वर्षं एकाच जागी टेकून पुढच्या टायरला चपटा डाग पडला होता. हँडलच्या थरथरीतला एक वाटा त्याचा. ३.२५-१९चे दोन्ही टायर, ट्यूब आणि रिमपट्टी नवी टाकली. हवा पुढे २०, मागे २८. तारा एकेक वाजवून पाहिल्या. चांगली ताणलेली तार टणत्कार देते, सैल तार नुसती ‘ठक’ करते. मुंबईच्या खाऱ्या हवेत तारा निपलच्या आतून गंजतात, वरून पॉलिश कितीही असो. मागच्या चाकाच्या सात तारा पाना लावताच तुटल्या, तेव्हा तो सगळा संच बदलला.

थरथरीचा दुसरा वाटा कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यांच्यावर फिरतं त्या गोळ्या-वाट्यांचा. पुढचं चाक जमिनीपासून उचलून हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवलं, तर बरोबर मध्यावर हँडल खाचेत बसल्यासारखं अडत होतं. वर्षानुवर्षं गाडी सरळच चालते, गोळ्या त्याच जागी आदळतात आणि वाट्यांना खड्डे पडतात. असा कोनसेट आवळून भागत नाही, आवळला तर गाडी त्या खाचेला धरून डुलते. वाट्या, कोन, गोळ्या, सगळं नवं. आवळण्याचं माप असं : हँडल मध्यापासून जरा ढकललं की आपल्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे आणि फोर्क धरून पुढेमागे हलवलं तर खटका येता कामा नये.

पुढच्या ब्रेकचं काम सगळ्यांत वेळखाऊ ठरलं. ड्रम उघडल्यावर लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले, एका कडेला बेअरिंगचं ग्रीस उतरलेलं. ग्रीस प्यायलेले लायनर घासून पुन्हा लावतात ते लावू नयेत. गरम झाल्यावर तेच ग्रीस पुन्हा वर येतं. ड्रममध्ये नखाला लागेल अशी कड होती आणि चाक फिरवलं की एकाच जागी घासत होतं, म्हणजे ड्रम अंडाकृती झालेला. चाक तारांसकट लेथवर चढवून ड्रम साफ केला. तारा ताणून झाल्यावरच हे करायचं, नाहीतर ताणताना ड्रम पुन्हा वाकतो. ड्रम मोठा झाला की बाजारातला साधा शू फक्त मधोमध टेकतो, म्हणून जाड लायनर चिकटवून घेऊन तो ड्रमच्या गोलाईला घासून बसवला. खडू फासून फिरवलं की कुठे टेकतं ते कळतं. इथे तीन-चार वेळा घासल्यावर सत्तर टक्के भाग टेकायला लागला.

मग एक बारीक गोष्ट, जी बहुतेक जण सोडतात. ॲक्सलचा नट ढिला ठेवून ब्रेक जोरात आवळायचा, तसाच धरून नट घट्ट करायचा. ब्रेक प्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. आणि ब्रेक पूर्ण लागलेल्या अवस्थेत वायर आणि ड्रमवरची कांडी यांत काटकोन असला पाहिजे. इथे कांडी खूप पुढे झुकलेली होती, म्हणून हाताने दाबलेलं बळ अर्धंच पोचत होतं. कांडी कॅमच्या दात्यांवर एक घर मागे घेतली, एवढंच.

मागे निराळा प्रकार. या गाडीत चेनचं मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम एकाच तुकड्याचे असतात. दाते आकड्यासारखे वाकले होते, म्हणून चेनसेट घेताना ड्रमही नवा आला आणि मागचा ब्रेक आपोआप सुधारला. खर्च मात्र मालकाने धरला नव्हता. चेनला वीस ते पंचवीस मिलिमीटर ढील, तीही सगळ्यांत ताठ जागी मोजून.

सामानाबद्दल : ऑपेरा हाऊसच्या स्पेअर मार्केटमध्ये बहुतेक सगळं मिळतं, जुने ओतीव भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधावे लागतात. जाताना जुना पार्ट नमुन्याला घेऊन जावा, ‘शहाऐंशीची बुलेट’ एवढ्यावर दुकानदार सात प्रकार समोर ठेवतो. ब्रेक शू, वायर, बेअरिंग आणि टायर जुन्या बाजारातून कधीच घेऊ नयेत. मडगार्ड, टूलबॉक्स, हेडलाइटची वाटी खुशाल घ्यावी.

वीस मिनिटांनी बंद पडणारी गाडी

हा या प्रकरणाचा गाभा. गाडी गरम झाल्यावर बंद पडते म्हटलं की तीन संशयित असतात : पेट्रोल येईनासं होणं, ठिणगी मरणं, वॉल आवळणं. तिघांची लक्षणं रस्त्यावर सारखीच दिसतात, म्हणून लोक तिन्ही पार्ट एकदम बदलतात आणि मग गाडी कशाने सुधारली हे कळत नाही. सुधारली नाही तर त्याहून वाईट.

पहिल्यांदा पेट्रोल. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली, कॉक उघडला : मिनिटाला अडीचशे मिली. दहा मिनिटं सोडून दिलं तरी धार तेवढीच, म्हणजे टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक उघडं आहे. भोक बुजलं असतं तर धार हळूहळू बारीक होत गेली असती आणि झाकण उघडताच ‘फुस्स’ झालं असतं. पेट्रोल सुटलं.

मग वॉल. उजवीकडे सिलिंडरच्या पायाशी एक छोटं झाकण आहे, एका नटाचं. आत दोन्ही पुशरॉडची खालची टोकं. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. या गाडीत फिलर गेज लागत नाही. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वरखाली मुळीच हलता कामा नये. इनलेट बरोबर होता. एक्झॉस्टचा रॉड फिरतच नव्हता, कुणीतरी टिकटिक बंद करायला आवळून ठेवलेला. असा वॉल गरम झाल्यावर पूर्ण बसत नाही आणि हळूहळू जळतो. जुन्या बुलेटची थोडी टिकटिक ऐकू येऊ द्यावी. तो सैल केला, कॉम्प्रेशन ११० झालं. वीस मिनिटांनी गाडी तरीही बंद पडली.

राहिली ठिणगी. बंद पडल्या क्षणी, गरम असतानाच, प्लग काढून इंजिनाला टेकवून किक मारली : बारीक पिवळी ठिणगी, मधेच गायब. पॉइंटचं झाकण काढून बघितलं तर प्रत्येक उघडझापीला निळा मोठा चाप पेटत होता आणि पॉइंटच्या एका तोंडाला खड्डा, दुसऱ्याला डोंगर. हे मेलेल्या कंडेन्सरचं लक्षण. नवा कंडेन्सर टाकला आणि गाडी सुरेख चालली. आठवडाभर. मग पुन्हा तेच.

इथे अनेक जण ‘हल्ली कंडेन्सर डुप्लिकेट येतात’ म्हणून दर महिन्याला एक बदलत राहतात. डुप्लिकेट येतात हे खरंच आहे. पण या गाडीत आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला चाललं होतं.

उत्तर हेडलाइटच्या वाटीवर, अँपिअर मीटरमध्ये होतं. चावी लावली, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले, दिवा-हॉर्न काही नाही. काटा उणे आठच्याही पलीकडे गेला. पॉइंटमध्ये कागद सरकवला, काटा शून्यावर. म्हणजे एकटी इग्निशन कॉइल आठ-नऊ अँपिअर ओढत होती. मल्टिमीटरने कॉइलच्या दोन पातळ टोकांमधला रोध मोजला : १.४ ओहम. ही ६ व्होल्टची कॉइल. गाडी मुळात ६ व्होल्टची. मधल्या कुठल्यातरी मालकाने स्टेटर, रेग्युलेटर, बॅटरी आणि बल्ब बदलून ती १२ व्होल्टची केली आणि कॉइल मात्र जुनीच ठेवली. १२.४ व्होल्टला १.४ ओहम म्हणजे पावणेनऊ अँपिअर. पॉइंटनी तोडायचा असतो साडेतीन-चार. दुप्पट प्रवाह तोडताना पॉइंट जळतात, कंडेन्सर भाजतो, कॉइल हात लावू नये इतकी तापते, आणि तापलेली कॉइल ठिणगी देत नाही. बॅटरीही त्यातच रिकामी होत होती. दिव्याने काटा उण्यात जायचा तो यामुळे. स्टेटर बिचारा नीट काम करत होता.

१२ व्होल्टची ३.६ ओहमची कॉइल, नवे पॉइंट, नवा कंडेन्सर. कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या आत न ठेवता तिथून वायर काढून टाकीखाली फ्रेमला कसला. इंजिनापासून लांब, थंड जागी तो जास्त टिकतो; त्याच्या पत्र्याला फ्रेमचा रंग खरवडून अर्थ मात्र पक्का द्यावा लागतो. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. चावी लावल्यावर काटा आता साडेतीनवर थांबतो.

किक उलटी मारण्याचं कारणही याच आजाराचं पिल्लू निघालं. ठिणगी अशक्त म्हणून गाडीला पिकप नाही, पिकप नाही म्हणून कुणीतरी ठिणगी लवकर पडेल असं टायमिंग पुढे सरकवलेलं. प्लगच्या भोकातून गुळगुळीत सायकलचा आरा घालून पिस्टनचं वरचं टोक धरलं आणि पॉइंटला १२ व्होल्टचा बल्ब जोडून कुठे उघडतात ते बघितलं : वरच्या टोकाच्या अडीच मिलिमीटर आधी. हवं ०.८. भोक तिरकं असल्यामुळे आऱ्यावरचं माप किंचित फसवतं, पण अडीच आणि पाऊण यांतला फरक त्याच्यातूनही दिसतो. ऑटो ॲडव्हान्सच्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडल्या होत्या. कॅम हाताने फिरवून सोडला की झटकन मागे यायला हवा, हा अर्ध्यात थांबायचा. स्प्रिंगा बदलून, पिनांना थेंबभर तेल देऊन टायमिंग नव्याने मारलं.

किक मारायची पद्धतही मालकाला शिकून घ्यावी लागली. चावी लावून किक हळूहळू दाबायची, नजर काट्यावर. काटा उण्यातून शून्यावर आला की पॉइंट उघडले, पिस्टन कॉम्प्रेशनला आला. आता डिकॉम्प्रेशन दाबून किक आणखी बोटभर खाली, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग टाच खालपर्यंत नेत एकच सावकाश लांब किक. ताकद लागत नाही. दोन नाहीतर तीन किकमध्ये उठते, थंड असताना चोकसह.

कार्बोरेटर, टाकी आणि ई-२०

स्लोवर, म्हणजे थ्रॉटल न देता, गाडी कधी चढायची, कधी बसायची. व्हीएम-२४ मिककार्बची फ्लँज दोन नटांवर आवळलेली असते आणि पॅकिंग गळलं की लोक आणखी आवळतात, त्याने फ्लँज मधोमध कमानीसारखी वाकते. चालू गाडीच्या सांध्यावर पाण्याचा फवारा मारला, आवाज बदलला : हवा ओढतेय. फ्लँज काचेवर आधी २२० मग ४०० नंबरच्या कागदावर सपाट घासली, नवं पॅकिंग, नट बोटाने लागल्यावर पाव-पाव फेरा आळीपाळीने. मेन जेट कुणीतरी तारेने कोरलेला होता. ९०चा नवा टाकला, पायलट २५, हवेचा स्क्रू दीड फेरा. अर्ध्या थ्रॉटलला प्लग पांढरा येत होता. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं; इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण जरा कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर आली, आणि प्लग बदामी झाला.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर, कॉर्क खराब करतं. कॉकचं कॉर्क, नळी आणि फ्लोटच्या वाटीचं पॅकिंग आधीच बदललेलं बरं. टाकीत सहा वर्षांचा गंज होता. मूठभर छोटे नट टाकून हलवली, फॉस्फोरिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने धुतली, लगेच सोड्याच्या पाण्याने, मग वाळवून थोडं तेल फिरवलं. पावसाळ्यात गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी आणि टाकी भरलेली ठेवावी.

वायरिंगमध्ये मुख्य काम एकच : बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, जो मुळी नव्हताच. हेडस्टॉकपाशी वाकून सोललेल्या दोन वायरी बदलल्या. मधल्या रेसला बॅटरीवर १४.१ व्होल्ट.

रस्ता आणि कागद

आधी गल्लीत, पायांची सवय मोडायला. नव्या गाड्यांवर वाढलेल्या माणसाचा उजवा पाय आणीबाणीत ब्रेक शोधतो आणि इथे तिथे गिअर असतो. रिकाम्या गल्लीत तीसच्या वेगाला चाळीस-पन्नास वेळा थांबायचा सराव करून घेतला, त्यात नवे लायनरही बसले.

गरम चाचणीला परळहून भायखळा, जे. जे., मोहम्मद अली रोड, क्रॉफर्ड मार्केट. जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे पुलाखालून संध्याकाळच्या गर्दीत रांगत जावंच लागतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला याहून कडक परीक्षा शहरात नाही. पन्नास मिनिटं, अर्धा वेळ पहिल्या गिअरमध्ये. बंद पडली नाही. धूर पहिल्या दहा किलोमीटरमध्येच गेला होता. तेल शंभर किलोमीटरला एकदा आणि पाचशेला एकदा बदललं. दुसऱ्या वेळचं बऱ्यापैकी स्वच्छ निघालं.

कागदांचं म्हणाल तर, मालकाला गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची होती. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्याला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात, आणि ती नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रोज चालवायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं. आरसी २०२१ला संपलेली होती. तीन अक्षरी जुना नंबर ऑनलाइन नोंदीत नव्हता, म्हणून ताडदेवच्या आरटीओत आधी बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं), मग फॉर्म २५ने नूतनीकरण, पर्यावरण कर, तपासणी, आणि नंतर फॉर्म २९ व ३०ने नावावर. पैसे देण्याआधी इंजिन आणि चासी नंबरचा पेन्सिलठसा घेऊन आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघितला होता, हे त्या सौद्यातलं एकमेव शहाणपण. पीयूसीला २००० सालाआधीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, ही गाडी २.६वर पास झाली. २०१९च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना लागणारी सुरक्षा नंबरप्लेट सगळ्यांत शेवटी लागली.

प्रायमरी चेनचं कव्हर अजून गळतं. ते एकाच मधल्या नटावर बसतं, खाली रबराची पट्टी. नट आवळून गळती थांबत नाही, कव्हर वाकतं. पट्टी दोनदा बदलून झाली. आता कव्हर लेथवाल्याकडे सरळ करून घ्यायचं आहे, तोवर गाडीखाली पुठ्ठा आणि दर रविवारी कव्हरमधल्या तेलाची पातळी.